हरणाऱ्यावर दोन मोजायचे

नाना चुरी गेले त्याला आता वर्ष होईल. आमच्या जुन्या युनिटमधल्या लोकांनी त्यांच्यावर एक छोटं पुस्तक काढायचं ठरवलंय आणि मला फर्मान सोडलंय, "मेधा, तू अकरा वर्षं त्यांच्या शेजारी बसलीस, तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार?" खरं आहे. पण शेजारी बसणं म्हणजे काय, हे सांगणाऱ्यांना माहीत नाही. शेजारी म्हणजे मुख्य खुर्चीत नाही. मी नानांचा द्वेष करत होते असं म्हणणार नाही. द्वेष करावा असं त्या माणसात काही नव्हतं, आणि तोच तर त्रास होता. मी त्यांच्यावर जळत होते. आजही जळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे कुठे मी त्यांना कमी लेखतेय असं वाटलं तर दोष माझा समजावा.

नानांचं काम काय होतं ते सांगते. टीव्हीवर पुरस्कार सोहळा लाइव्ह असतो तेव्हा सभागृहात आठ-दहा कॅमेरे असतात, पण घरी तुम्हाला एका वेळी एकच चित्र दिसतं. ते कुठलं, हे बाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमधला एक माणूस ठरवतो. समोर सगळ्या कॅमेऱ्यांचे छोटे पडदे आणि हाताखाली बटणांची रांग. बटण दाबलं की तो चेहरा घराघरांत गेला. परत घेता येत नाही. आमच्या वाहिनीच्या सोहळ्याला कित्येक वर्षं त्या खुर्चीत नाना होते आणि त्यांच्या डाव्या हाताला मी होते. माझं काम वेळ सांगायचं. "नाना, ब्रेकला वीस सेकंद." बस, एवढंच.

नाना राजोडीचे. समुद्राच्या अलीकडे त्यांची वाडी होती. केळी, पानवेली आणि सोनचाफ्याची पाच-सहा झाडं. सोहळ्याच्या दिवशी कंपनीची गाडी आधी त्यांना घ्यायची आणि मग विरार पूर्वेला फुलपाड्यात मला घ्यायला यायची. मी खाली उतरेपर्यंत आई माझ्या आधी उतरलेली असायची, कारण नाना तिच्यासाठी राजेळी केळ्यांची फणी आणायचे. आई गाडीच्या काचेपाशी वाकून त्यांच्याशी बोलायची, हसायची. मला मात्र एवढंच सांगायची, "नाना सांगतील तसं कर गं." मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते.

व्हॅनमध्ये शिरताना नाना चपला बाहेर काढायचे. इंजिनीअर लोक सुरुवातीला हसायचे, पुढे पुढे तेही काढायला लागले. मग हात धुवायचे, पिशवीतून पंचा काढून बटणांची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसायचे आणि केळीच्या पानात बांधलेली चार सोनचाफ्याची फुलं पडद्यांखाली ठेवायचे. वायर, घाम आणि बटाटावड्याचा वास भरलेल्या त्या डब्यात तास-दोन तास चाफा दरवळत राहायचा. एकदा मीही विरारच्या बाजारातून फुलं नेली होती. ती दुपारपर्यंत काळी पडली. नाना म्हणाले, "ती पान्यात ठेवलेली होती गं. झाडावरची वेगली." त्यात टोमणा नव्हता, माहिती होती. मला टोमणा परवडला असता.

शिक्षण वसईत, नोकरी मुंबईत, पण बोलणं गावचंच राहिलं होतं. मीटिंगमध्ये साहेबांसमोर शुद्ध बोलायचे. व्हॅनचं दार लागलं की 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' व्हायचा. कॅमेरामनना ते हुकूम द्यायचे नाहीत, पंगतीला बोलवावं तसं बोलवायचे. "तीन नंबर, बसून घे. पाच नंबर, तू ये. ये ये ये. आलास? ऱ्हा." आणि कॅमेरामन त्या आवाजावर जीव टाकायचे. मी त्यांच्या जागी असते तर नुसतं "पाच, टेक" म्हटलं असतं. ते बरोबरही असतं. पण त्यासाठी कोणी जीव टाकला नसता हे मला माहीत होतं.

आता त्या कागदाबद्दल. लाइव्ह सोहळ्यात विजेत्यांची नावं मंचावरच्या पाकिटात बंद असतात, पण व्हॅनला एक यादी आधी मिळते. विजेता कुठे बसलाय ते कॅमेऱ्याला ठाऊक हवं, म्हणून. संयोजकांचा माणूस तो कागद सही घेऊन द्यायचा. नाना सही करायचे, कागदाची न उघडता चार घडी करायचे आणि आपल्या जेवणाच्या डब्याखाली ठेवून द्यायचे. आयुष्यात त्यांनी तो कधी वाचला नाही. पहिल्या वर्षी मी विचारलं, "नाना, मग कळणार कसं?"

"नाव पुकारतील तेव्हा कलेल की."

"पण आधी माहीत असलं तर सोपं नाही का?"

"सोपंच. म्हनून तर नको. नाव माहीत असलं की हात आधीच जातो. आपल्याला कलत पन नाय."

त्यांना विजेत्यात फारसा रस नव्हताच. त्यांचं लक्ष असायचं नामांकनातल्या बाकीच्या चौघांवर. "जिंकनारा कुठं जातोय? तो उठेल, चालेल, मंचावर येईल, बोलत बसेल. हरनाऱ्याचं तसं नाय. त्याचं जे काय असतं ते एका क्षनात चेहऱ्यावर येतं आनि जातं. ते गेलं की गेलं." आणि त्या क्षणावर त्यांचं बोट नेमकं पडायचं. हरणाऱ्याचा चेहरा पडद्यावर आला की ते तोंडातल्या तोंडात मोजायचे, एक, दोन, आणि तिसऱ्याच्या आत दुसरा कॅमेरा. कधीच तीन नाही. मी म्हणायचे, थांबा ना अजून, काय सुंदर चेहरा होता. तर म्हणायचे, "दोनपर्यंत आपन त्याच्याबरोबर असतो. तिसऱ्याला तो उघडा पडतो."

एका वर्षी एक म्हातारे विनोदी नट नामांकनात होते. चार वेळा हरलेले. बायकोला घेऊन आले होते, नवी शाल वगैरे. पाहुण्याने पाकीट फोडलं, दुसऱ्याचंच नाव निघालं, आणि नावाचं पहिलं अक्षर कानावर पडताच या गृहस्थांनी टाळी वाजवायला हात वर केले. पूर्ण नाव ऐकायला थांबले नाहीत. सभागृहातली पहिली टाळी त्यांची. पडद्यावर तेच होते. एक, दोन, आणि गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत विजेत्याचा फोटो होता, पण आमच्या सोसायटीत जिन्यात उभं राहून सगळे त्या टाळीबद्दल बोलत होते. आई डोळे पुसत म्हणाली, "नानांनी काय दाखवलं गं! माणूस ओळखावा तर असा."

मी शेजारीच होते. चार नंबरच्या पडद्यावर तो माणूस मलाही दिसला होता. हात वर जायच्या आधीच दिसला होता, शपथेवर सांगते. पण मी बोलले नाही. वेळ सांगणाऱ्याने कॅमेरा सुचवायचा नसतो, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी सुचवलं असतं आणि नानांनी तो घेतला असता तरी लोकांनी नानांचंच नाव घेतलं असतं, म्हणून गप्प बसले. त्या दिवसापासून मला ती खुर्ची हवीच झाली. झोपेतसुद्धा मी त्यांच्या बटणांवर माझी बोटं बघायचे.

आणि खुर्ची मिळाली. पहिल्यांदा दहा मिनिटांसाठी मिळाली.

नानांना साखरेचा त्रास होता. त्या सोहळ्याला दोन ब्रेक रद्द झाले, डबा राहून गेला. अचानक त्यांनी कपाळावर हात ठेवला. घाम फुटला होता. "मेधा, बस," एवढंच म्हणाले आणि उठून बाहेर गेले. मी बसले. खुर्ची गरम होती. त्यांचा डबा समोरच होता आणि डब्याखाली कागद.

पुढचा पुरस्कार सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा. हाताशी एक मिनिट होतं. मी कागद ओढला, उघडला, वाचला. चूक नको व्हायला, एवढंच मनात होतं. नाव एका नव्या मुलीचं होतं, दोन नंबरच्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्या. पाहुणे पाकीट फोडत होते. पाचही चेहरे पडद्यावर होते. पाहुण्यांनी कागद बाहेर काढला, चष्मा लावला, हसले, आणि माझा हात गेला.

नाव अजून उच्चारलं नव्हतं. ती मुलगी एकटी, मोठी, सगळ्या पडद्यावर. सभागृहातल्या अवाढव्य स्क्रीनवरही तेच चित्र जात होतं. तिने स्वतःला बघितलं, तोंडावर हात नेला आणि उभी राहिली. मग नाव आलं. बाकीच्या चौघी टाळ्या वाजवायच्याही विसरल्या. मागे दार उघडलं होतं आणि नाना तोंडात गूळ घेऊन पायरीवर उभे होते. त्यांनी बघितलं. मी उठले, ते बसले, आणि उरलेला कार्यक्रम त्यांनी पूर्ण केला.

ती चित्रफीत सकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. लोक म्हणत होते, सगळं आधीच ठरलेलं असतं, बघा, व्हॅनवाल्यांनाच माहीत होतं. त्या मुलीला शिव्या पडल्या, खरं तर तिचं काम चांगलं होतं. वाहिनीने मीटिंग बोलावली. साहेबांनी विचारलं, कोणाचा हात होता? मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते, असं मला आजही वाटतं. त्याआधी नाना शुद्ध मराठीत म्हणाले, "खुर्ची माझी होती. हात माझाच."

त्या वर्षी त्यांना लेखी ताकीद मिळाली, त्यांच्या नोकरीतली पहिली. गाडीत मी काहीतरी पुटपुटले, तर म्हणाले, "जाऊ दे. पोटात काय नव्हतं दोघांच्या." हायवेवरचं पेल्हार येईपर्यंत ते झोपलेसुद्धा. आणि मला काय वाटलं सांगू? आभार नाही वाटले. राग आला. मोठेपणासुद्धा यांनीच घ्यायचा. माझी चूक होती, निदान ती तरी माझी राहू द्यायची होती!

दोन वर्षांनी वाहिनीने सोहळा टीव्हीवरून काढला आणि ॲपवर नेला. आईला हे समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. "म्हणजे चॅनल लावायचा नाही?" नाही. "मग सगळ्यांनी मिळून बघायचं कुठे?" ज्याने त्याने आपापल्या मोबाइलवर. "मग मध्ये जाहिराती लागल्या की मावशीला फोन कधी करायचा?" जाहिराती नाहीत. आई म्हणाली, "मग कसला सोहळा!"

ॲपवाल्यांची पहिली मीटिंग मला आठवते. टेबलापलीकडे सगळे तिशीच्या आतले. त्यांनी सांगितलं, सलग तीन तास, ब्रेक नाही. नानांनी हात वर केला. "आणि लघवीला कधी जायचं?" कोणी हसलं नाही, एकाने वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी मुख्य गंमत सांगितली. आपण कापून दिलेला कार्यक्रम तर दिसेलच, पण त्याशिवाय चार कॅमेरे प्रेक्षकांना थेट मिळतील. ज्याला जो बघायचाय तो त्याने बोटाने निवडायचा. आठवडाभर पुन्हाही बघता येईल. बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "चांगलं आहे गं. ज्याला जे बघायचंय ते बघू दे."

आठवड्याने ॲपवाल्यांनी मला एकटीला बोलावलं. खुर्चीत कोणाला बसवायचं यावर विचार चालला होता. त्यांच्या प्रमुख बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. तीच चित्रफीत. "हे सरांकडून झालं होतं ना? म्हणजे अनुभव मोठा आहे, मान्य. पण रिफ्लेक्स गेलेत का त्यांचे? तू शेजारी असतेस, तूच सांग."

एक वाक्य पुरलं असतं. "तो हात माझा होता." पाच शब्दसुद्धा नाहीत. मी त्या मुलीचा तोंडावर गेलेला हात बघत होते. मग म्हणाले, "हो. वय झालंय आता त्यांचं."

खुर्ची मला मिळाली.

नानांना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मी तो उचलावा की नाही यात तो एकदा बंद पडला, पुन्हा वाजला. "अभिनंदन गं. एक सांगायचं ऱ्हायलं. खुर्ची उंच करून घे. माझ्या मापाला लावलीय ती, तुझा हात कडेच्या बटनाला पोचनार नाय." बस. फोन ठेवला. वर आईकडे केळी पाठवली ती वेगळीच. आईने देवापुढे एक ठेवलं आणि मला म्हणाली, "त्यांचे पाय धरून ये आधी." मी गेले नाही.

सोहळा झाला. मी खुर्ची उंच करून घेतली. कागद वाचायचा नाही असं ठरवून गेले होते, पण कागद नव्हताच. ॲपवाल्यांनी यादी माझ्या समोरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात लावून ठेवली होती. झाकायला हाताशी पंचा होता का माझ्या? हात मात्र मी सांभाळला. एकदाही नावाच्या आधी विजेता घेतला नाही. तीन तास, एक चूक नाही. बाई व्हॅनमध्ये येऊन मला मिठी मारून गेल्या. चपला मी पायातच ठेवल्या होत्या, तेवढं घरी गेल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेढे घेऊन राजोडीला गेले. पाय धरायला गेले होते असं आईला सांगितलं. खरं तर मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. सगळ्यांनी चांगलं म्हटलं होतं, पण त्या सगळ्यांच्या म्हणण्याने माझं पोट भरत नव्हतं.

नाना ओटीवर आरामखुर्चीत होते. मांडीवर उशी, उशीवर सुनेचा टॅब. पायाशी काकू, म्हणजे त्यांची बायको, आणि शेजारच्या दोन बायका फुलं निवडत बसल्या होत्या. पण फुलं तशीच राहिली होती आणि तिघीही टॅबकडे बघत होत्या. आवाज माझ्या सोहळ्याचा होता. नानांना मी दिसले नाही. मी अंगणात, ओटीला लागून असलेल्या चाफ्याखाली उभी राहिले; तिथून टॅब दिसत होता.

ते चार कॅमेऱ्यांतून निवडत होते. अंगठ्याने, हळूच, तोंडाने पुटपुटत. "चार, ये. ये ये. ऱ्हा." सर्वोत्कृष्ट नाटकाचा पुरस्कार चालला होता. तोच सोहळा, तेच कॅमेरे, मी आदल्या दिवशी साक्षात समोर बघितलेले. पण आता मला त्यात एक बाई दिसली. हरलेल्या नाटकाची कपडेपटवाली असावी, मागच्या रांगेत. नाव दुसऱ्याचं निघालं तेव्हा तिने शेजारच्या नटाच्या कॉलरचा धागा दातांनी तोडला आणि कॉलर नीट केली, जणू काही त्याला अजून मंचावर जायचंय. नाना तिच्यावर थांबले. एक, दोन. गेले.

काकू म्हणाल्या, "काल आपन बघितलं तेव्हा ही बाई कुठं होती?"

"होती की," नाना म्हणाले. "चार नंबरवर होती."

माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा मी घट्ट धरला. वाटलं असंच मागे फिरावं. खुर्ची मी मिळवली होती, व्हॅन माझी होती, तरी या माणसाने उशीवर टॅब घेऊन माझा सोहळा माझ्यापेक्षा चांगला केला होता, आणि तोही तीन बायकांसाठी. इतकी जळले मी त्या क्षणी, जितकी अकरा वर्षांत जळले नव्हते.

मग त्यांनी मान वर केली. "अगो, मेधा! ये ये. उनात काय उभी? खुर्ची उंच केलीस का?"

"केली."

"दिसलं. हात पोचत होता." काकू पाणी आणायला आत गेल्या, शेजारणी फुलं घेऊन मागच्या पडवीत गेल्या. मी पायरीवर बसले. नानांनी टॅब थांबवला. अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "कागद वाचलास ना?"

"नावाआधी एकदाही घेतलं नाही मी, नाना."

"नाय घेतलंस. पन पाच चेहरे फिरवलेस ना, दर वेली शेवटी ज्याच्यावर थांबलीस तोच जिंकला. नऊच्या नऊ वेला." ते थोडे हसले. "बाकी कोनाला नाय कलनार. कालजी नको."

मला तेव्हा सगळं सांगायचं होतं. अभिनेत्रीच्या वेळचा हात नाही. तो तर त्यांनीच बघितला होता. लॅपटॉप माझ्याकडे फिरवला तेव्हा मी काय बोलले, ते. "नाना, त्या बाईंनी मला तुमच्याबद्दल विचारलं होतं," मी म्हणाले, "तेव्हा मी—" आणि पुढे येईना.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. कोणी सांगितलं असेल की माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असेल, पण माहीत होतं. अकरा वर्षं मी त्यांच्या डावीकडे बसले होते, त्यांनी माझ्याकडे असं समोरून कधी बघितलं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही होतं ते मला झाकता येत नव्हतं. त्यांचे ओठ किंचित हलले. मीही मनात मोजत होते. एक. दोन.

आणि त्यांनी नजर काढून घेतली, पुड्याकडे वळवली, दोरा सोडवायला लागले.

"पेढे कुठले गं?" नाना म्हणाले. "वसईचे दिसतात."